स्टॉकहोमहून आलेला अधिकार

किनाऱ्यावर बांधकाम काढलं की ‘सीआरझेड’ आडवा येतो, हे कोकण-गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किनारी नियमनाची ती पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. पण ती काढण्याचा अधिकार केंद्राकडे आला कुठून, हे शोधत गेलं तर वाट थेट स्वीडनला पोचते.

५ ते १६ जून १९७२ या काळात स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. ११३ देश आले. पूर्व जर्मनीला बरोबरीचं स्थान मिळालं नाही म्हणून सोव्हिएत गट फिरकलाच नाही. यजमान ओलोफ पाल्मे वगळता तिथे बोललेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी. पोटाला अन्न नसलेल्या माणसाला नद्या स्वच्छ ठेवायला कोणत्या तोंडाने सांगायचं, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. शेवटी २६ तत्त्वांचा जाहीरनामा निघाला. पाळला नाही तर दंड नाही की शिक्षा नाही. अशा कागदांना आपण एरवी रद्दीचा भाव देतो.

इथे मात्र आपल्या राज्यघटनेतलं एक कलम कामी आलं. पाणी आणि जमीन हे राज्यांचे विषय, त्यामुळे संसदेला त्यांवर सरसकट कायदा करता येत नाही. म्हणूनच १९७४चा जलप्रदूषण कायदा करण्याआधी काही राज्यांच्या विधिमंडळांकडून ठराव घ्यावे लागले. त्यातही इतर राज्यांनी तो मागाहून आपापल्या सवडीने स्वीकारायचा. महाराष्ट्राचा १९६९चा स्वतःचा कायदा होता, प्रदूषण नियंत्रण मंडळही १९७० पासून होतं. केंद्राचा कायदा इथे लागू झाला तो १९८१ मध्ये. पण कलम २५३ म्हणतं, परदेशाशी झालेला करार, किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेत झालेला निर्णयसुद्धा, अमलात आणायचा असेल तर संसद साऱ्या देशासाठी कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला असला तरी. निर्णय बंधनकारकच असावा, अशी अट त्यात नाही!

१९८१चा हवा प्रदूषण कायदा याच वाटेने आला. भोपाळनंतर १९८६ मध्ये झालेला पर्यावरण संरक्षण कायदाही. दोन्हींच्या उद्देशिकेत स्टॉकहोमचा नावानिशी उल्लेख आहे. १९८६च्या कायद्याने केंद्राला कारखाना बंद करण्याचा, त्याचं वीज-पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. सीआरझेड त्याच्याच आधारे आला. डहाणू, महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरानला संवेदनशील क्षेत्राचं कवच मिळालं तेही त्याच्याच आधारे. त्यामुळे ‘परिषदा म्हणजे नुसती विमानवारी’ हे ऐकलं की मला अर्धंच पटतं. परिषद स्वतः काही करत नाही हे खरं. पण घरी कुणाला काही करायचं असेल तर त्याला ती हत्यार देते.

हे हत्यार पडलं मात्र दिल्लीच्या हातात. अधिसूचना काढायला संसदेत चर्चा लागत नाही, तशी ती सैल करायलाही लागत नाही. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेने दाट वस्तीच्या किनारी गावांत २०० मीटरची ना-विकास पट्टी ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली.

१९९२च्या रिओ परिषदेत सह्यांसाठी खुल्या झालेल्या जैवविविधता कराराची गोष्ट थोडी वेगळी. त्यातून आपल्याकडे २००२चा कायदा झाला. त्यात प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता समिती नेमणं आणि लोकांची नोंदवही ठेवणं आलं. कुठली वनस्पती कुठे उगवते, ती कोण कशाला वापरतं, हे गावाने स्वतः लिहायचं. बऱ्याच ठिकाणी या नोंदी खरं तर मुदत गाठण्यासाठी घाईघाईने उरकल्या गेल्या, तरी कायद्यात गावाचं नाव आलं हे थोडं नाही.

या नोंदवह्यांचा आग्रह धरणाऱ्या माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटासाठी १९८६चाच कायदा वापरायला सांगितलं, पण हद्दी आणि निर्बंध ग्रामसभांना विचारून ठरवा म्हणून. सरकारने मात्र त्याऐवजी नंतरच्या कस्तुरीरंगन समितीचा अहवाल पायाभूत धरला. त्यावर आधारलेल्या अधिसूचनेचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला. त्यातल्या संवेदनशील क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटरचा, आणि हरकती नोंदवायला मुदत साठ दिवसांची.