बरणीवरच्या चिठ्ठीचे मोल

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात काचेच्या बरण्या तुम्ही पाहिल्याच असतील. एखादीवर नुसते ‘तारामासा’ असे लिहिलेले असते. वर्गात दाखवायला ती बरणी उपयोगी आहे. पण संशोधकाच्या दृष्टीने ती जवळजवळ मुकी आहे. असे का?

तारामासा हा मासा नव्हे. त्याला पाठीचा कणा नसतो; तो कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या प्राण्यांपैकी एक. त्याच्या काही जाती हजारो मीटर खोल, गार आणि काळोख्या तळावर राहतात. तेथे पाणबुड्या माणूस पोहोचू शकत नाही. जहाजावरून जाळे सोडून त्यांचे नमुने वर आणता येतात.

आपल्याकडे हे काम ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाने केले. ते १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. त्याचे मुख्य काम समुद्राची मोजणी करण्याचे. पण जहाजावरचा डॉक्टरच निसर्गशास्त्रज्ञाचेही काम पाही. १८८८ ते १८९२ या काळात हे काम आल्फ्रेड अल्कॉक यांच्याकडे होते. नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जात. १८९१ साली वुड-मेसन आणि अल्कॉक यांनी एका तारामाशाला नाव दिले : पर्सेफोनॅस्टर क्रोसियस. पर्सेफोनी ही ग्रीक पुराणातील पाताळाची राणी, ‘ॲस्टर’ म्हणजे तारा आणि ‘क्रोसियस’ म्हणजे केशरी. मद्यार्कात ठेवलेल्या प्राण्याचा रंग हळूहळू उडतो. नावातला केशरी रंग मात्र टिकून आहे.

चिठ्ठी काय सांगते?

संग्रहालयातील नमुन्याबरोबर जातीचे नाव, ओळखणाऱ्याचे नाव, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख आणि नोंदणी क्रमांक असावे लागतात. यातील एकही गोष्ट चुकली तर काय होते पाहा. जुनी खोली वावांत मोजलेली असे. एक वाव म्हणजे ६ फूट. त्यामुळे १००० वाव म्हणजे सुमारे १८२९ मीटर. नक्कल करताना कोणी ‘१००० मीटर’ लिहिले, तर प्राणी कागदावर ८२९ मीटर वर सरकतो! अक्षांश एका अंशाने चुकला, तर जागा सुमारे १११ किलोमीटर दूर जाते. जातीचे नाव चुकले तर मात्र उपाय आहे. क्रमांकावरून तोच नमुना काढून पुन्हा तपासता येतो.

अशा अनेक नोंदी नकाशावर मांडल्या की त्या जातीचा प्रदेश दिसू लागतो. पण सावध! नकाशावर मोकळी जागा दिसली म्हणजे तेथे प्राणी नाही असे नव्हे. कदाचित तेथे कोणी जाळेच टाकले नसेल.

या नोंदींची आज विशेष गरज आहे. मध्य हिंद महासागरात सुमारे ५००० मीटर खोलीवर मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले गोळे पसरले आहेत. त्यांच्या शोधासाठी भारताने २००२ साली आंतरराष्ट्रीय करार केला. उद्या तेथे खाणकाम झाले, तर तळावरचे कोणते प्राणी नाहीसे झाले हे कशावरून ठरवणार? आधी तेथे काय होते याची नोंद असेल, तरच.

पुण्यात आणि शाळेत

इंडियन म्युझियममधील प्राणिसंग्रह पुढे १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आला. या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. सह्याद्रीतला बेडूक असो वा खोल समुद्रातला तारामासा, चिठ्ठीचा नियम एकच.

तुम्हीही शाळेच्या संग्रहासाठी हा नियम पाळा. चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत ठेवा; बॉलपेनची शाई मद्यार्कात विरघळते. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहा. जे ठाऊक नाही, ती जागा कोरी सोडा. कोरी जागा पुढे कोणीतरी भरू शकेल. अंदाजाने भरलेली जागा मात्र सर्वांना फसवत राहील.