एमएसची औषधे आणि त्वचा: लाली, व्रण व पुरळ यांविषयीचे गैरसमज

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या विकारात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंभोवती असलेल्या मायलिन नावाच्या आवरणावरच हल्ला करते, आणि म्हणून त्यावरील औषधे या यंत्रणेला आवर घालणारी व बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी असतात. त्यांच्या त्वचेवरील परिणामांविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: जे जितके लाल आणि ठळक, तितके ते घातक.

अमेरिकेत 2013 साली मान्यता मिळालेल्या डायमिथिल फ्युमरेटच्या कॅप्सूलमुळे चेहरा, मान व छाती लाल होऊन आग होते, तेव्हा औषध ‘उष्ण पडले’ किंवा अंगावर पित्त उठले असे समजून ते परस्पर बंद केले जाते. वास्तविक ही ॲलर्जी नसते. त्वचेतील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सोडतात, त्यांनी सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लाली येते. औषधाच्या चाचण्यांत सुमारे 40 टक्के रुग्णांना ती आली होती. जेवणाबरोबर कॅप्सूल घेतल्याने, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्धा तास आधी ॲस्पिरिन घेतल्याने ती कमी होते, हेही तिच्या या उगमाशी जुळणारेच आहे. ओठ किंवा घसा सुजणे, श्वास अडकणे ही मात्र खऱ्या ॲलर्जीची लक्षणे असून ती दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे लागते. याच रसायनाच्या पुड्या बुरशी लागू नये म्हणून सोफ्यांत ठेवल्या जात आणि त्यामुळे युरोपात अनेकांना तीव्र इसब झाला, म्हणून 2009 साली युरोपीय संघाने अशा वस्तूंवर बंदी घातली. पण तो त्वचेला झालेल्या थेट स्पर्शाचा परिणाम होता, आणि त्यावरून कॅप्सूलविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

इंजेक्शनच्या जागी होणाऱ्या व्रणांबाबत दोष हमखास टोचणाऱ्याच्या हाताला दिला जातो. इंटरफेरॉन बीटा-1बी हे 1993 पासून वापरात असलेले औषध त्वचेखाली टोचल्यावर काही थोड्या रुग्णांत तेथील ऊतक मृत होऊन काळी खपली व खोल व्रण होतो. जागा न बदलणे हे त्याचे एक कारण असले, तरी औषधाने होणारा दाह आणि लहान रक्तवाहिन्यांत धरणाऱ्या गुठळ्याही त्याला कारणीभूत असतात. असा एकच मर्यादित व्रण असेल तर उपचार चालू ठेवता येतात, अनेक व्रण असतील तर ते भरेपर्यंत थांबावे लागते, आणि हा निर्णय डॉक्टरांचा असतो. त्याहून दुर्मीळ असलेला निकोलाऊ सिंड्रोम ग्लॅटिरामर ॲसिटेटच्या इंजेक्शननंतर नोंदला गेला आहे. त्याचे वर्णन मुळात 1920 च्या दशकात, उपदंशावर दिल्या जाणाऱ्या बिस्मथच्या इंजेक्शनांसंदर्भात झाले. टोचताक्षणी असह्य वेदना होतात, कातडी आधी पांढरी पडते, मग जांभळट जाळीसारखी नक्षी उमटते आणि पुढे ऊतक मरू लागते. धमनीचे आकुंचन वा तिच्यातील अडथळा हे त्याचे कारण मानले जाते. त्यामुळे त्याला जंतुसंसर्ग समजून केवळ प्रतिजैविके देत राहण्याने मूळ प्रश्न सुटत नाही. याउलट ग्लॅटिरामरमुळेच त्वचेखालची चरबी झिजून पडणारे खळगे दुखत नाहीत, म्हणून कोणी फारशी दखल घेत नाही. आणि तेच कायमचे राहू शकतात.

‘सुई नाही, मग त्वचेला धोका नाही’ हा समज अधिक महागात पडतो. अमेरिकेत 2012 पासून वापरात असलेल्या टेरिफ्लुनोमाइडच्या गोळीने केस विरळ होतात, रुग्ण घाबरतात, परंतु ते सहसा पुन्हा येतात. खरी काळजी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारख्या अतिदुर्मीळ प्रतिक्रियांची असते, ज्यांत ताप, डोळ्यांची जळजळ, तोंडात फोड व दुखरी पुरळ येऊन कातडी सुटू लागते. किंवा ड्रेस या प्रतिक्रियेची, ज्यात पुरळ व तापाबरोबर लसिकाग्रंथी सुजतात आणि यकृतासारख्या अवयवांना इजा पोहोचते. येथे गोळी थांबवली की औषधही थांबले, असे होत नाही, कारण ते पित्तावाटे आतड्यात जाऊन पुन्हा शोषले जाते आणि रक्तातून जवळजवळ नाहीसे होण्यास सरासरी आठ महिने, तर काहींत दोन वर्षांपर्यंत काळ जातो. म्हणून कोलेस्टिरामाइन किंवा सक्रिय कोळशाची भुकटी 11 दिवस देऊन ते मुद्दाम बाहेर काढावे लागते.

एमएसच्या रुग्णाला आलेली प्रत्येक पुरळ एमएसच्याच औषधाची असते, हेही खरे नाही. या आजारात चेहऱ्याच्या एका बाजूला विजेच्या झटक्यासारखी कळ येते, तिच्यावर कार्बामॅझेपिन दिले जाते, आणि हे औषध स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचे सुपरिचित कारण आहे. एचएलए-बी*1502 हा जनुकीय प्रकार असलेल्यांत हा धोका पुष्कळ वाढतो. तो आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळत असल्याने अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2007 साली अशा रुग्णांची औषधापूर्वी तपासणी करण्याची सूचना केली, म्हणून भारतीय वाचकांना ही बाब परकी नाही. अशा प्रतिक्रिया बहुतांशी औषध सुरू केल्यापासूनच्या पहिल्या काही महिन्यांतच होतात, त्यामुळे पुरळ घेऊन आलेल्या रुग्णाला एमएसच्या औषधाबरोबरच अलीकडे नव्याने सुरू झालेल्या प्रत्येक गोळीचे नाव आणि तारीख विचारावी लागते.