साडेसतराव्या वर्षी रायफल, पंचविसाव्या वर्षी रम

पहाटे पाचला धाराशिव-तुळजापूर रस्त्यावर उभे राहा. आधी बुटांचा आवाज येतो, मग अंधारातून मुलं उगवतात. सैन्यभरतीची तयारी चाललेली असते. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत कापायचे, म्हणून एखादा थोरला भाऊ मोबाइलचं घड्याळ लावून कडेला उभा असतो.

समजा, यांतला एक जण साडेसतराव्या वर्षीच अग्निवीर झाला. २०२२च्या जूनमध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हा प्रवेशाचं किमान वय तेच ठरलं. चार वर्षं नोकरी होते. चौघांतला फार तर एक कायम होतो, बाकीचे परततात. आपला गडी परत आला तेव्हा वय साडेएकवीस. दोस्तांबरोबर तो तालुक्याच्या परमिट रूममध्ये बसला, तर कायद्याने त्याला बिअर मिळेल, कारण महाराष्ट्रात बिअरचं वय २१ आहे. आणि रम? तिचं वय २५! भरती, प्रशिक्षण, सीमेवरचा पहारा, निरोपाचा दिवस, सगळं उरकलं. तरी रमच्या पेल्यासाठी अजून साडेतीन वर्षं बाकी. हाच मुलगा रात्रीच्या गाडीने पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात उतरला असता, तर तिथे अठराव्या वर्षीच चाललं असतं.

मग तो जुना सवाल येतोच. देशासाठी मरायला चालतो, तर घोटभर प्यायला का चालत नाही? दोन्ही वयं एकच का नसावीत?

सवाल रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधत गेलं की वाटेत एकेक अशी गोष्ट भेटते की थांबून बघावंच लागतं.

पहिली तर रोज डोळ्यांसमोर असते. 'परमिट रूम' ही पाटी तुम्ही हजारदा वाचली असेल. कसलं परमिट? मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याचं! तोच कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्याचा पायाच असा, की दारू पिणं मुळात मना; परवाना असेल तर मुभा. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. आणि तो कशासाठी द्यायचा? प्रकृती टिकवण्यासाठी! म्हणजे कायद्याच्या नजरेत बारमधलं प्रत्येक गिऱ्हाईक औषध घ्यायला आलेलं असतं. पंचविशीची अट याच परवान्याला जोडलेली आहे.

आता दुसरी. या कायद्याने शिपायाला पहिल्या दिवसापासून वेगळं काढलं. कलम ३९ पाहा: युद्धनौका, सैन्याच्या मेस आणि कँटीन इथे विदेशी मद्याला सरकार मुभा देऊ शकतं. मुंबईच्या एफ. एन. बलसारा यांनी या कायद्यालाच आव्हान दिलं. सामान्य माणसाला बंदी आणि फौजेला सूट, ही कुठली समानता? उच्च न्यायालयाला हे पटलं, कलम ३९ उडालं. पण २५ मे १९५१ला सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बसवलं. फौजेचं राहणं, रीत, शिस्त वेगळी असते आणि तिच्यावर तिचे स्वतःचे नियम चालतात, म्हणून तिचा वेगळा वर्ग करण्यात गैर नाही, असा निवाडा झाला. शिपायाचा पेला आणि नागरिकाचा पेला एका मापाने मोजायचा का, हा आपला आजचा प्रश्न आपल्याच राज्याच्या कायद्यावर पंचाहत्तर वर्षांपूर्वी लढला गेला होता!

(त्या दिवशी हा कायदा बार्शीला लागू होता, शेजारच्या धाराशिवला नव्हता. बार्शी मुंबई राज्यात आणि धाराशिव हैदराबाद राज्यात होतं. मराठवाडा १९५६ला मुंबई राज्यात आला आणि १९५९ला कायदाही मागोमाग आला.)

पण मला सर्वांत चकित करणारी गोष्ट २१ या आकड्यात आहे. हा आकडा आला कुठून? जुन्या इंग्लंडमध्ये वारस सज्ञान कधी होणार, हे त्याच्या धंद्यावर ठरायचं. बाराव्या शतकाच्या अखेरच्या एका कायदेग्रंथात ते लिहून ठेवलंय. जमीन कसणाऱ्याचा मुलगा १५व्या वर्षी सज्ञान. शहरी व्यापाऱ्याच्या मुलाला वयच नाही. त्याला पैसे मोजता आले आणि कापड मापता आलं की झाला मोठा. आणि सरदाराचा मुलगा? २१. घोड्यावर बसून, अंगावर लोखंड वागवत लढायचं तर शरीर तेवढं भरायला हवं, असं त्याचं कारण इतिहासकार देतात. लक्षात आलं ना? २१ हे लढायचंच वय होतं! पुढे ते सगळ्यांचं झालं, इंग्रजांबरोबर जगभर फिरलं. आपल्याकडेही मतदानाचं वय १९८९पर्यंत २१च होतं. लढायचं वय खाली घसरत गेलं आणि पेल्याचं वय काही ठिकाणी त्या जुन्या चिलखताच्या मापावरच थांबलं.

अमेरिकेने ही दोन वयं जुळवूनही पाहिली. व्हिएतनामच्या युद्धात अठराची पोरं मरत होती, म्हणून १९७१ला मताचं वय १८ झालं, पाठोपाठ अनेक राज्यांनी दारूचं वयही उतरवलं. मग रस्त्यांवर तरुण मुलांचे अपघात वाढले. १९८४ला केंद्राने राज्यांना बजावलं: वय २१ करा, नाहीतर महामार्गांचा निधी कापू. सगळी राज्यं वळली.

अपघात का वाढले असावेत? उत्तर कपाळाच्या आत आहे. मेंदूतल्या तारांवर वयाबरोबर चरबीचं वेष्टण चढत जातं आणि निरोप झपाट्याने धावू लागतात. हे काम साधारण मागून पुढे सरकतं. आपल्या मराठवाड्यातला जुना वाडा आठवा. दाराशी ढाळज असते. तिथे थोरलं माणूस बसतं आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं हे ठरवतं. कपाळामागचा भाग म्हणजे मेंदूची ढाळज. वाड्यात सगळीकडे दिवे लागतात, ढाळजेत सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत!

उंदरांवरच्या प्रयोगांनी त्यात आणखी एक भर घातली. कोवळ्या उंदरांना दारूने प्रौढांइतकी गुंगी येत नाही, पण त्यांची नवं शिकण्याची, लक्षात ठेवण्याची ताकद जास्त ढासळते. म्हणजे 'बस झालं' सांगणारी झोप उशिरा येणार आणि इजा मात्र जास्त होणार.

मग अशा वयात रायफल कशी चालते? इथे सगळं कोडं सुटतं. शस्त्र कायदा उघडून बघा. नागरिक म्हणून बंदुकीचा परवाना हवा असेल तर २१ पूर्ण लागतात. फौजेत तीच बंदूक साडेसतराव्या वर्षी हातात येते, कारण ती त्या पोराची नसते. ती कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, सही करून निघते, उस्तादाच्या नजरेखाली चालते, एकेक राउंड मोजला जातो आणि संध्याकाळी ती परत कोतमध्ये जाते. त्याच्या डोक्यातली ढाळज अजून अंधारात असेना, पलटणीने बाहेरून तिथे थोरलं माणूस बसवलेलं असतं. इतकं करूनही भारत १८ पूर्ण झाल्याशिवाय कुणाला लढाईच्या क्षेत्रात पाठवत नाही. म्हणजे भरतीचं आणि लढाईचं वयसुद्धा एक नाही!

पेल्यापाशी उस्ताद नसतो. शनिवारी रात्री ढाब्यावर बसलेल्या पोराचा राउंड कुणी मोजत नाही आणि बाहेर मोटारसायकल उभी असते. भरतीचं वय सांगतं, की हा मुलगा हुकमाखाली काय करू शकेल. पेल्याचं वय विचारतं, की हुकूम द्यायला कुणीच नसताना तो काय करील.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ही दोन वयं जुळवू नयेत. मात्र पाटीपुरत्या पंचविशीपेक्षा, काउंटरवर ओळखपत्र मागून खरोखर पाळलेलं २१ हे वय मला हजारपट मोलाचं वाटतं, आणि घरी परतलेल्या जवानालाही तेच लागू असावं. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काका-मामांनो, एवढं ऐका: पहाटे पळायला जाणाऱ्या पुतण्याला संध्याकाळी तुमची बाटली आणायला पाठवू नका.