ठिपका सरकतो की रेघ?

आज कर्ज आणि हप्ते बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते शिकवण्यासाठी केलेल्या हलत्या चित्रांविषयी, म्हणजे ॲनिमेशनविषयी. कार्टून तर पोराबाळांचे, आपला काय संबंध, असे म्हणू नका. आपल्या गटांतल्या काही जणी लग्नानंतर पंधरा-वीस वर्षांनी बी.ए. करताहेत. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि घर-शेती सांभाळून शिकायची वाट उघडली. पण घरी अभ्यासाला बसल्यावर विचारायला शेजारी कुणी नसते. पुस्तकात अडले की हातात मोबाइल.

इगतपुरीजवळच्या गटातल्या एक ताई अशाच अर्थशास्त्रात अडल्या. धडा मागणीच्या वक्राचा. मोबाइलवर शोधून कुठला तरी व्हिडिओ त्यांनी चार वेळा पाहिला आणि आम्हाला म्हणाल्या, "डोकंच चालत नाही आता. पुढच्या वर्षाचा फॉर्म काही भरत नाही मी." आम्ही शेजारी बसून तो व्हिडिओ पाहिला. मागे गाणे, गरगर फिरणारी नाणी, खाली भराभर पळणारी वाक्ये आणि तीच वाक्ये कुणीतरी वाचून दाखवतेय. त्या गडबडीत रेघ कधी हलली, ते आमच्याही लक्षात आले नाही.

म्हणजे दोष ताईंच्या डोक्याचा नव्हता. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्र आणि शब्द यांतून माणूस कसा शिकतो, यावर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांचे म्हणणे असे, की चित्र चालू असताना समजावणे कानावर पडावे, तेच पुन्हा पडद्यावर लिहू नये. डोळे वाचण्यात गुंतले की चित्र निसटते. विषयाशी संबंध नसलेली सजावट काढावी, आणि धडा तुकड्यातुकड्याने, बघणारीला थांबता येईल असा द्यावा.

मग हलते चित्र हवेच कशाला? याचे उत्तर आपल्या शेजारी, त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी त्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना टिपले. कुंडीपुढे कॅमेरा ठेवून रोज थोडेथोडे चित्रण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. एरवी जे डोळ्यांना दिसत नाही, ते दाखवायलाच हालचाल हवी. नुसती व्याख्या सांगायची असेल तर अक्षरे नाचवून काय मिळते?

ताईंच्या धड्यात खरोखरच हालचाल होती. म्हणून आम्ही ती कागदावर चित्राचित्राने मांडली. रेडिओवर ती दाखवता येत नाहीत, तेव्हा घडीभर डोळे मिटा.

घोटीचा बाजार, काकडीची पाटी. समजा भाव ४० रुपये, तर दिवसाला २० किलो खपते. ३० रुपये केला तर ३० किलो, २० केला तर ४०. आता उभ्या रेघेवर भाव, आडव्या रेघेवर किलो. तीन ठिपके एकेक करून येतात, मग ते जोडणारी उतरती रेघ. भाव बदलला की ठिपका त्याच रेघेवरून वर-खाली सरकतो. रेघ जागची हलत नाही.

इथे थांबायचे आणि विचारायचे: श्रावण लागला, उपवास आले, भाव ३० च आहे, तर काय होईल? बघणारीने उत्तर दिल्याशिवाय पुढचे चित्र नाही. मग दिसते, की ३० रुपयांनाच ४५ किलो जाते. ४० लाही जास्त, २० लाही जास्त. म्हणजे अख्खी रेघच उजवीकडे सरकली.

पुस्तकातले शब्द यानंतर. ठिपका सरकला तर मागणीचा विस्तार किंवा संकोच; रेघ सरकली तर मागणीत वृद्धी किंवा ऱ्हास. परीक्षेत घोळ होतो तो नेमका इथेच. श्रावणात भावही चढतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्यासाठी पुरवठ्याची रेघ आणावी लागते. ते दुसऱ्या दिवशी.

ताईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय?" मग आम्हालाच उलटे विचारले, "आणि लोकांच्या हातात पैसाच नसला, तर रेघ डावीकडे ना?"

कागदावर आधी काढण्याचे कारण साधे आहे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे लागतात, मिनिटाला १४४०. संगणक मधली पुष्कळशी भरून देतो, तरी चूक पुढे गेली की सगळे पुन्हा करावे लागते. कागदावर खोडरबर पुरतो. मुंबईच्या आयआयटीत 'ऑस्कर' प्रकल्पात विज्ञान-अभियांत्रिकीसाठी अशी ॲनिमेशने झाली, त्यांत आकडा बदलून काय होते ते विद्यार्थ्याला स्वतः पाहता येते. आपल्याकडे तेवढी सोय नाही. पण ज्याला शिकायचे त्यालाच आधी कच्चे चित्र दाखवून "कुठे अडलं?" असे विचारायला खर्च येत नाही.

आमची सात चित्रे महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांकडून तपासून घ्यायची आहेत. नंतर मोबाइलवर एकेकाचा फोटो घेऊन जोडू. आवाज ताईच देणार आहेत. ज्यांना कागद हवा, त्यांनी मासिक बैठकीला वही घेऊन यावे.