फुकटच्या शिंप्याशी भांडण

अजिंठ्याची लेणी ज्यांनी समोरच्या डोंगरावरून पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, वाघोरा नदीच्या वळणावर एक नालाकृती कडा आहे आणि त्याच्या पोटात तीसएक लेणी रांगेने कोरलेली आहेत. हा सारा नाल एका छायाचित्रात मावत नाही. आमच्या इतिहास विभागाच्या भिंतीवर तो चांगला सहा फूट लांबीचा लावावा असे सहलीत ठरले. फोनमध्ये आपोआप लांबट चित्र काढण्याची सोय असते खरी, पण त्यात आम्हाला हवा तेवढा बारकावा येईना. म्हणून एका मित्राने आपल्या कॅमेऱ्यातून डावीकडून उजवीकडे अकरा छायाचित्रे घेतली, आणि ती जोडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणक मला टंकलेखनापुरता येतो. पण 'ह्यात काय कठीण आहे!' असे म्हणून मी मोकळा झालो.

ह्या कामासाठी 'हुगिन' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. फुकट एवढेच नव्हे, तर ते मुक्त आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कोणीही पाहावी, बदलावी, पुढे वाटावी. नॉर्स पुराणातल्या ओडिन देवाच्या दोन डोमकावळ्यांपैकी एकाचे हे नाव असून त्याचा अर्थ 'विचार' असा आहे. पहिल्या दोन रात्री त्याने माझा काडीचाही विचार केला नाही, असे माझे स्पष्ट मत झाले होते.

समोर तीनच कळा दिसतात : चित्रे घ्या, जुळवा, जोडचित्र तयार करा. मी खूश झालो. पहिली कळ दाबली तर त्याने मलाच उलट प्रश्न केला : भिंगाचे नाभीय अंतर किती, 'क्रॉप फॅक्टर' किती? आता परीक्षेत न आलेला प्रश्न घरी आल्यावर माणसाने काय करावे? मी मनाला येईल तो आकडा ठोकून दिला. बऱ्याच खटाटोपानंतर चित्र तयार झाले, तेव्हा नदी दोनदा वाहत होती, आकाशात धोबीघाटावरच्या चादरींसारखे उभे पट्टे पडले होते, आणि माझ्या मित्राच्या पुढ्यातला लोखंडी कठडा तीन ठिकाणी तुटून वरखाली झाला होता. मी संतापून कर्त्यांना उद्देशून एक पत्र खरडले : तुमचे सॉफ्टवेअर चालत नाही, असली वस्तू लोकांना देताच कशाला?

सुदैवाने पत्र पाठवण्याआधी ते पुण्याहून आलेल्या माझ्या मामेभावाच्या हाती पडले. दादा प्रोग्रॅम लिहिण्याचीच नोकरी करतो. त्याने पत्र वाचले, हसला नाही, एवढेच विचारले, "अरे, शिंप्याकडे सदरा परत नेतोस तेव्हा 'सदरा बिघडला' एवढेच सांगतोस, की काखेत काचतो म्हणून सांगतोस?"

मग त्याने मला हे काम कसे चालते ते समजावले. ते थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या रागाची अर्धी कारणे त्यातच होती.

लगतच्या दोन छायाचित्रांत थोडा भाग सामाईक असावा लागतो. त्या भागातली एकच वस्तू, समजा एखाद्या लेण्याच्या दाराचा कोपरा, दोन्ही चित्रांत कुठे आहे याच्या खुणा करायच्या. शिंपी दोन तुकड्यांवर खडूने खूण करतो तसेच हे. अशा खुणांची जोडी म्हणजे 'कंट्रोल पॉइंट'. पुष्कळ जोड्या मिळाल्या की प्रत्येक चित्र किती वळवावे, किती कलते करावे, म्हणजे खुणांवर खुणा बसतील, याचा हिशेब संगणक करतो आणि सरासरी किती ठिपक्यांची चूक उरली तेही सांगतो. पुढे सगळी चित्रे एका काल्पनिक नळकांड्याच्या आतल्या बाजूवर पसरून शिवण घातली जाते. ही शिवण झाकण्याची युक्ती बर्ट आणि एडेल्सन या दोघांनी 1983 साली मांडली. आकाशाच्या छटेसारखा ठोकळ भाग रुंद पट्टीत हळूहळू मिसळायचा, आणि पानाफांद्यांसारखा बारीक तपशील अगदी अरुंद पट्टीत. दोन्ही एकाच पट्टीत मिसळले तर एक तर शिवण दिसते, नाही तर पाने दुहेरी दिसतात.

आता त्या उर्मट प्रश्नाकडे येऊ. खुणा वळवण्याचा हिशेब करायचा तर एका चित्रात दृश्याचा किती अंशांचा कोन मावला आहे हे कळावे लागते, आणि ते नाभीय अंतरावरून निघते. एरवी कॅमेरा ही नोंद छायाचित्राच्या फाइलीतच ठेवतो आणि हुगिन ती मुकाट्याने वाचून घेतो. माझ्या मित्राने चित्रे व्हॉट्सॲपवरून पाठवली होती. तिथे छायाचित्र म्हणून पाठवले की ही नोंद गळून पडते आणि चित्रही आकसते. दस्तऐवज म्हणून पाठवले तर दोन्ही शाबूत राहते. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नव्हता, उत्तर आम्हीच वाटेत सांडले होते.

कठड्याचे तर आणखी गमतीचे आहे. वाचकांनी नाकासमोर बोट धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहावा. बोट सरकते, समोरची भिंत जागीच राहते. माझा मित्र कॅमेरा हातात धरून स्वतः पायांवर वळला, त्यामुळे प्रत्येक वेळी भिंग हातभर सरकले. दूरच्या लेण्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, पण जवळचा कठडा दर चित्रात वेगळ्या जागी गेला. भिंग ज्या बिंदूभोवती फिरवले असता असे होत नाही तो बिंदू सांभाळायला तिकाटणे आणि सराव लागतो. कोणतेही सॉफ्टवेअर हे पूर्णपणे दुरुस्त करू शकत नाही. फार तर शिवण कठड्यापासून दूर नेऊ शकते.

"पण हे सगळे मला ठाऊक असावे असे त्यांनी धरलेच कसे?" मी विचारले.

ह्याचे उत्तर इतिहासात आहे. ह्या साऱ्याचा पाया हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी घातला. ते फुर्टवांगेन येथे भौतिकशास्त्र व गणित शिकवीत. 1998 साली त्यांनी 'पॅनोरामा टूल्स' ही साधने लिहून मोफत दिली. ती वापरणारे लोक भिंगांत रमणारे, कोन तोंडपाठ असणारे होते. आयपिक्स या अमेरिकन कंपनीने पेटंटचे दावे पुढे केल्यावर 2001 मध्ये डेर्श यांनी काम थांबवले. 2003 पासून इतरांनी ते पुढे उचलले, आणि त्याच सुमारास पाब्लो द'आंजेलो यांनी त्या साधनांना खिडक्या-कळांचा दर्शनी भाग दिला, तोच हुगिन. म्हणजे आपण जे वापरतो ते मुळात जाणकारांनी जाणकारांसाठी केलेले आहे. घर आधी बांधले, दार मागाहून बसवले.

पेटंटांनी आणखी एक अडचण केली. दोन चित्रांतल्या सारख्या खुणा आपोआप हुडकण्याची उत्तम रीत डेव्हिड लोव यांची, पण तिच्यावर त्यांच्या कॅनडातील विद्यापीठाचे पेटंट होते. ते 2020 मध्ये संपले. त्यामुळे हुगिनबरोबर खुणा शोधणारा भाग देता येत नसे. वापरणाऱ्याने तो दुसरीकडून आणावा, नाही तर प्रत्येक खूण हाताने करावी. लोक वैतागत आणि कर्त्यांना आळशी म्हणत. 2010.4 या आवृत्तीपासून पेटंटाच्या कचाट्यात न येणारा स्वतःचा शोधक त्यात आला. कर्ते म्हणजे तरी कोण? दिवसा पोटापाण्याचे काम करून रात्री हे लिहिणारे मोजके स्वयंसेवक. परवान्यातच लिहिलेले असते की वस्तू आहे तशी देत आहोत, हमी काही नाही.

इथपर्यंत दादाचे मला पटले. पण मीही माझा मुद्दा सोडला नाही. पैसे दिले नाहीत म्हणून बोलायचेच नाही का? त्या चौकटीतली सूचना ज्याला आधीच कळते त्यालाच कळते. 'तुमच्या चित्रातली नोंद नाहीशी झाली आहे, मूळ फाइल मागवा. नसल्यास अंदाजाने 50 अंश लिहा, पुढे हिशेबात तो आकडा सुधारता येईल,' एवढे साधे वाक्य तिथे असते तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या. जाणकार माणसाला आपले अज्ञानाचे दिवस आठवत नाहीत. ती आठवण करून देणे नवख्यालाच जमते. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हे लिही. हे त्यांच्या कामाचे आहे."

विकत घेतले असते तर ही कटकट नसती, असे कोणी म्हणेल. कोलोर या फ्रेंच कंपनीचे 'ऑटोपॅनो' नामांकित होते. 2015 मध्ये गोप्रोने ती कंपनी घेतली आणि 2018 मध्ये बंद केली. मोल मोजलेल्यांना पुढची आवृत्ती मिळायची नाही, आणि संहिता बंदिस्त असल्यामुळे ती उचलून चालवणेही इतरांना शक्य नव्हते. डेर्श थांबले तेव्हा मात्र काम थांबले नाही.

मी पत्र नव्याने लिहिले : कोणती आवृत्ती, संगणक कोणता, क्रमाने काय काय केले, काय होईल असे वाटले, काय झाले. सोबत हुगिनची प्रकल्पाची फाइल जोडली. तिच्यात चित्रे नसतात, नुसता मजकुरात मांडलेला हिशेब असतो, त्यामुळे ती अगदी लहान असते. वर सुचवलेले वाक्यही लिहून दिले. ते घेतील किंवा न घेतील.

मित्राकडून मूळ फाइली पेन ड्राइव्हवर आणल्या. या खेपेस हुगिनने काही विचारले नाही. कठड्यावर पडलेल्या खुणा मी एकेक करून पुसल्या आणि फक्त पलीकडच्या कड्यावरच्या ठेवल्या. नदी एक झाली, आकाशही बरेचसे सारखे झाले. जोडचित्र आता विभागाच्या भिंतीवर आहे. कठडा डावीकडून चौथ्या खांबापाशी बोटभर तुटलेला आहे. पाहायला गेलात तर उगाच सरांना दाखवू नका.