संशय येताच कळवणे हे कर्तव्यच

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील वाड्यावाड्यांवर शेजारच्या घरातील सुखदुःख सहसा लपून राहत नाही. तरीही एखाद्या बालकावर अत्याचार होत असल्याची शंका आली, की ‘पुरावा कुठे आहे?’, ‘तो त्यांच्या घरचा प्रश्न’ असे म्हणून माणसे गप्प राहतात. कायद्याला हे मौन मान्य नाही.

मडगावात १९९१ साली उघडकीस आलेल्या फ्रेडी पीट्स प्रकरणात अनाथाश्रमाच्या आडून मुलांचे शोषण होत होते. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोवा बाल कायदा आला, तर २०१२ मध्ये ‘पॉक्सो’ लागू झाला.

‘पॉक्सो’च्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावा शोधणे हे पोलिसांचे काम. गुन्ह्याची माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

शंका आल्यास १०९८ किंवा ११२ वर संपर्क साधावा, अथवा जवळचे पोलीस ठाणे गाठावे. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नयेत, संशयिताला जाब विचारू नये, मुलाचे नाव गावभर करू नये. पोलिसांना चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवावे लागते. मुलाच्या संरक्षणाची वाट तेथून खुली होते. ती खुली करणारा पहिला दूरध्वनी मात्र शेजाऱ्यानेच करायचा असतो.