भिंतीआडचा खर्च

मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे. 1970-80च्या दशकांत इथे उभ्या राहिलेल्या इमारतींतले फ्लॅट आता मोठ्या कामाला आले आहेत. जमिनीवर मोझॅक, नळाला लोखंडी जीआय पाइप, ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे, दाराला सागाची चौकट. कंत्राटदार घर बघतो आणि म्हणतो, ‘सगळं काढून टाकू.’ बजेट हाताबाहेर जायला सुरुवात होते ती इथून. वास्तविक या यादीतली बिनदिक्कत काढावी अशी वस्तू एकच, आतून गंजून अरुंद झालेले पाइप.

मोझॅकचंच घ्या. या फरशीच्या वरच्या थरात संगमरवराचे तुकडे असतात, त्यामुळे मशीनने घासून पॉलिश केलं की ती पुन्हा झळकते. फोडायची ठरवली तर फोडण्याची मजुरी, राडारोडा जिन्यावरून खाली नेण्याची मजुरी, टेम्पोचं भाडं, नवी टाइल, सिमेंट-वाळू आणि बसवणावळ असा खर्च एकावर एक चढत जातो. फरशी खचली किंवा तडकली असेल तर ती काढावीच लागते. पण नुसती मळकट दिसते म्हणून फोडणं ही उधळपट्टीच आहे.

स्वयंपाकघरात तर मराठी घरांकडे तयार उत्तर आहे. मॉड्युलर किचनमध्ये प्लायवूडचे खोके बनवून ओट्याखाली बसवतात. जुन्या ओट्याखाली मात्र कडाप्पे उभे असतातच. त्यांना वाळवी लागत नाही, सिंक गळलं तरी ते फुगत नाहीत. ते शाबूत ठेवून कप्प्यांच्या मापाने स्टीलच्या ट्रॉल्या करून घेतल्या आणि पुढे नवी शटर्स लावली, की दिसायला स्वयंपाकघर नवं होतं आणि आतला सांगाडा प्लायवूडपेक्षा टिकाऊ राहतो. इतकी चांगली वस्तू फोडून तिच्या जागी कमकुवत वस्तू पैसे देऊन आणली जाते, याचं खरोखर वाईट वाटतं.

प्लायवूड घ्यायचंच असेल तर जागा पाहून घ्यावं. ‘आयएस 710’ हे मरिन प्लायवूडचं मानक; त्याच्या चाचणीत नमुना 72 तास उकळत्या पाण्याला टिकावा लागतो. सिंकखाली किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी ते हवं. बेडरूममधल्या कोरड्या भिंतीच्या कपाटाला ‘आयएस 303’चं स्वस्त प्लायवूड पुरतं. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की तो खरा आहे का, हे जागच्या जागी कळतं.

असा वाचवलेला पैसा भिंतीच्या आत घालावा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की नहाणीचा ट्रॅप बंद करून निदान 24 तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. घाईत असलेला कारागीर ही चाचणी टाळू पाहतो. टाळू देऊ नये. नंतर गळती निघाली तर नवी टाइल फोडावी लागते आणि शेजाऱ्याचं छतही रंगवून द्यावं लागतं. कमोडची जागा बदलण्याचा मोहही आवरावा, कारण त्यासोबत ड्रेनेजची लाइन आणि उतार दोन्ही बदलावे लागतात.

वायरिंगमध्ये काटकसर नकोच. दिव्यांना दीड, साध्या प्लगला अडीच आणि गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, हा सर्वसाधारण हिशेब. विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्यावा. भिंत पाडण्याआधी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायलाच हवं. लोड-बेअरिंग इमारतीत साधी दिसणारी भिंतसुद्धा वरच्या मजल्यांचा भार पेलत असते.

बरेचसे पैसे कागदावर वाचतात. सुतार कपाटाचा दर बहुधा दर्शनी चौरस फुटावर सांगतो: सात फूट उंच, सहा फूट रुंद म्हणजे 42 चौरस फूट. त्या दरात प्लायवूडची प्रत आणि जाडी, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनल यांतलं काय येतं, हे लिहून घेतल्याशिवाय दोन कोटेशनांची तुलना होऊच शकत नाही. राडारोडा कोण उचलणार, हेही त्यातच लिहावं. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत, शेवटचा हप्ता सगळे नळ आणि बटणं तपासून. काम सुरू झाल्यावर सुचलेले बदल सर्वांत महाग पडतात, म्हणून प्लगच्या जागा आधीच खडूने भिंतीवर आखून घ्याव्यात.

टाइलच्या बॉक्सवर बॅच आणि शेडचा क्रमांक असतो. सगळे बॉक्स एकाच क्रमांकाचे घ्यावेत. दोन फूट बाय दोन फुटाची टाइल चार चौरस फूट जागा व्यापते, म्हणजे 400 चौरस फुटांना 100 टाइल्स. तुटफुटीसाठी पाच ते दहा टक्के वर धरावं. उरलेल्या टाइल्स विकून न टाकता माळ्यावर ठेवाव्यात, आणि पाइप-वायरी प्लास्टरखाली जाण्याआधी शेजारी टेप धरून त्यांचे फोटो काढावेत. पाच वर्षांनी एखादा जोड गळला, तर प्लंबरला अख्खी भिंत न खोदता नेमकी एकच टाइल काढता येते.